उभ्या गाडीचे स्टेअरिंग जड का लागते?

पॉवर स्टेअरिंग नसलेली गाडी जागेवर उभी असताना तिचे स्टेअरिंग फिरवायचे म्हटले, की दोन्ही हातांचा जोर लावावा लागतो. तीच गाडी माणसाच्या चालीने सरकू लागली, की स्टेअरिंग बरेच हलके होते. ताशी 40 किलोमीटरला तर ते अगदी सहज वळते. गाडीचे वजन तेच, टायर तेच, रस्ताही तोच. मग एवढा फरक कशामुळे पडतो? या प्रश्नाच्या उत्तरात पॉवर स्टेअरिंगशिवायची गाडी चालवण्याचे जवळजवळ सगळे तंत्र सामावलेले आहे. पॉवर स्टेअरिंग असलेली गाडी चालवणाऱ्यालाही ते माहीत असणे गरजेचे आहे, कारण वाटेत इंजिन बंद पडले, की अनेक गाड्यांत ही मदत संपते.

टायर रस्त्याला जिथे टेकतो

गाडीचे सगळे वजन टायरच्या चार छोट्या भागांवर पेललेले असते. चालकासह 750 किलो भरणारी एखादी छोटी गाडी घेऊ. इंजिन पुढे असल्यामुळे त्यातले सुमारे 60 टक्के, म्हणजे 450 किलो वजन पुढच्या दोन चाकांवर येते. एकेका चाकाच्या वाट्याला 225 किलो आले. टायरमध्ये 30 पौंड हवा भरली असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 2.1 किलो भार पेलला जातो. या हिशेबाने रस्त्याला टेकलेला टायरचा भाग जेमतेम 107 चौरस सेंटिमीटर, म्हणजे तळहाताहून थोडासाच मोठा असतो.

उभ्या गाडीचे स्टेअरिंग फिरवले, की हा टेकलेला भाग जागच्या जागी पिळला जातो. मधला भाग फारसा हलत नाही. कडेचे रबर मात्र 225 किलोंच्या दाबाखाली डांबरावर घासत सरकते. रबरी तळव्याचा बूट घालून एका पायावर सगळा भार दिला आणि पाय न उचलता तो जागेवरच वळवायचा प्रयत्न केला, तर जमीन बूट धरून ठेवते. चालता चालता वळताना असे होत नाही, कारण प्रत्येक पाऊल उचलले जाते आणि नव्या दिशेला टेकते. टायरचेही तसेच आहे. गाडी सरकू लागली, की रस्त्याला टेकलेले रबर क्षणोक्षणी उचलले जाते, त्याच्या जागी नवे येते आणि ते थोड्या वळलेल्या दिशेनेच टेकते. घासून पिळण्याचे कष्ट बहुतांश संपतात. त्यासाठी वेग लागतो तोही फार थोडा. चाक हातभर पुढे गेले, तरी रस्त्याला टेकलेले सगळे रबर बदललेले असते.

वजन वाढले, की हे कष्ट त्याच प्रमाणात वाढत नाहीत. त्याहून जास्त वेगाने वाढतात. चाकावरचा भार दुप्पट झाला, की घर्षण दुप्पट होते. शिवाय हवा तेवढीच असेल, तर टेकलेल्या भागाचे क्षेत्रफळही दुप्पट होते, म्हणजे त्याची लांबी-रुंदी सुमारे 1.4 पट होते. घासणारे रबर वळणाच्या मध्यापासून तेवढे लांब जाते आणि अधिक अडवते. दोन्ही परिणाम मिळून उभ्या गाडीत चाक वळवायला लागणारा जोर जवळजवळ 2.8 पट होतो. छोट्या गाडीत निभावून जाणारे साधे स्टेअरिंग मोठ्या गाडीत असह्य का होते, याचे कारण हे आहे. टायरमधली हवा कमी झाली, तरी टेकलेला भाग पसरतो आणि स्टेअरिंग जड होते.

हाताचा जोर चाकापर्यंत कसा पोचतो

स्टेअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला एक लहान दातेरी चक्र असते, त्याला पिनियन म्हणतात. ते एका आडव्या दातेरी पट्टीवर, म्हणजे रॅकवर बसलेले असते. स्टेअरिंग फिरले, की पिनियन फिरते, रॅक डावीकडे किंवा उजवीकडे सरकते आणि तिच्या दोन्ही टोकांना जोडलेले टाय रॉड चाकांना वळवतात. मारुती 800 आणि अ‍ॅम्बॅसॅडर या दोन्ही गाड्यांत हीच रॅक-पिनियन रचना होती. प्रीमियर पद्मिनीत आणि जुन्या जीपगाड्यांत दांड्याच्या टोकाला मळसूत्रासारखे आटे असत आणि त्यांत अडकलेला भाग फिरून चाके वळत. या दुसऱ्या प्रकाराला वर्म स्टेअरिंग म्हणतात.

रचना कोणतीही असो, ती तरफेचे काम करते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, म्हणजे ‘फुल लॉक’पासून ‘फुल लॉक’पर्यंत, स्टेअरिंगचे चार वेढे होत असतील, तर हात 1440 अंश फिरतात, त्या वेळात पुढची चाके साधारण 70 अंश वळतात. म्हणजे स्टेअरिंग 20 अंश फिरवावे, तेव्हा चाक सुमारे 1 अंश वळते. या 20 ला 1 प्रमाणामुळेच माणसाच्या हाताला काही शे किलो भाराखालचे चाक हलवता येते.

पण यात फुकट काही मिळत नाही. जोर जितका कमी लावायचा, तितके अंतर जास्त कापावे लागते. 38 सेंटिमीटर व्यासाच्या स्टेअरिंगचा परीघ सुमारे 119 सेंटिमीटर असतो. चार वेढे म्हणजे हातांनी कापलेले सुमारे पावणेपाच मीटर झाले. पॉवर स्टेअरिंगच्या गाडीत हेच काम साधारण तीन वेढ्यांत होते. म्हणून आजच्या गाडीची सवय असलेला चालक जुन्या गाडीत बसला, की वळण घेताना सुरुवातीला त्याचे स्टेअरिंग कमी पडते. जड स्टेअरिंगपेक्षाही या कमी पडण्याचीच सवय करून घ्यावी लागते.

जुन्या गाड्यांची स्टेअरिंगे मोठी असण्याचे कारणही तरफच. हात मध्यापासून जितके दूर, तितका त्याच जोराचा परिणाम अधिक. एसटीच्या जुन्या गाड्यांचे मोठे, आडवे स्टेअरिंग याच हिशेबाने बनवलेले असे. ते आडवे असल्यामुळे चालकाला केवळ मनगट न वापरता खांदे आणि पाठ यांचा जोर लावता येई.

सोडले की सरळ होणारे स्टेअरिंग

वळण संपल्यावर हाताची पकड सैल केली, की चालत्या गाडीचे स्टेअरिंग आपोआप मध्याकडे येते. पुढचे चाक ज्या अक्षाभोवती वळते, तो अक्ष अगदी उभा नसतो. त्याचे वरचे टोक थोडे मागे कललेले असते. या कलाला कॅस्टर म्हणतात. कलामुळे अक्षाची रेषा रस्त्याला जिथे मिळते, ती जागा टायर टेकतो त्या जागेच्या थोडी पुढे पडते. चाक अक्षाच्या मागून ओढले जात असल्याने ते गाडीच्या दिशेला सरळ होऊ पाहते. वळणात टायर बाजूला दाबला जातो, तेव्हा रस्त्याचा आडवा जोरही टेकलेल्या भागाच्या मध्याच्या किंचित मागे लागतो आणि सरळ होण्याच्या ओढीत भर घालतो.

ही ओढ पॉवर स्टेअरिंग नसलेल्या गाडीत थेट हातात येते आणि चालकाला रस्त्याची खबर देते. पावसाळ्यात रस्त्यावर पाण्याचा थर साचला आणि टायर पकड सोडू लागले, की स्टेअरिंग अचानक पोकळ, हलके वाटते. ही धोक्याची खूण आहे. अशा वेळी जोरात ब्रेक न दाबता पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून अलगद काढावा आणि स्टेअरिंग स्थिर धरावे.

रिव्हर्स घेताना मात्र हीच ओढ उलटी होते. गाडी मागे जाऊ लागली, की चाक सरळ होण्याऐवजी आणखी वळू पाहते. म्हणून मागे जाताना स्टेअरिंग आपोआप परत येण्याची वाट पाहू नये. ते हातानेच परत आणावे लागते.

रस्त्याचे धक्केही याच वाटेने हातापर्यंत पोचतात. पुढचे चाक खड्ड्याच्या कडेवर किंवा दगडावर तिरके आदळले, तर स्टेअरिंगला फटकन हिसका बसतो. जीप चालवणारे जुने लोक अंगठे स्टेअरिंगच्या आत न अडकवता कडेवरच ठेवायला सांगत, ते यासाठी. आत अडकलेल्या अंगठ्यावर फिरत्या स्टेअरिंगची आरी आपटली, तर अंगठा मोडू शकतो.

हलक्या पुढच्या भागाच्या गाड्या

डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 रस्त्यावर आली आणि जानेवारी 2014 पर्यंत तिचे उत्पादन चालू राहिले. तीस वर्षे ती पॉवर स्टेअरिंगविना लोकांच्या हातात सहज रुळली, त्याची कारणे तिच्या बांधणीत सापडतात. गाडीचे वजन सुमारे 650 किलो, तीन सिलिंडरचे 796 सीसीचे छोटे इंजिन आणि 12 इंची रिमवर फक्त 145 मिलिमीटर रुंदीचे टायर. गाडी शिकवणाऱ्या शाळांमध्ये ही गाडी दीर्घकाळ टिकली आणि एका पिढीचे हात तिच्यावरच बसले.

2008 मध्ये दाखवलेल्या टाटा नॅनोत हा विचार आणखी पुढे गेला. तिचे 624 सीसीचे इंजिन मागे होते, त्यामुळे पुढच्या चाकांवरचा भार कमी झाला. पुढचे टायर 135 मिलिमीटरचे आणि मागचे 155 मिलिमीटरचे होते. म्हणजे वळणाऱ्या चाकांवर भारही कमी आणि रबरही कमी. तरीही गर्दीच्या शहरात सतत वळवावी लागणारी गाडी हलकी असावी, ही ग्राहकांची अपेक्षा राहिली आणि 2014 च्या नॅनो ट्विस्टमध्ये विजेवर चालणारे पॉवर स्टेअरिंग आले.

मुंबईच्या कुर्ल्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी यांपेक्षा वजनदार, जवळपास 900 किलोंची. तिचे इंजिन पुढे असले, तरी ओढ मागच्या चाकांना होती. पुढची चाके फक्त वळायचे काम करत. इंजिनाची ताकद त्यांच्याकडे जात नसे. शहराच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून या गाड्या दशकानुदशके दाट वाहतुकीत फिरल्या. ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदवलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची 20 वर्षांची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली.

यानंतरच्या गाड्यांत एअर कंडिशनर आला, अपघातात टिकाव धरणारा मजबूत सांगाडा आला, अनेकींत डिझेलचे जड इंजिन आले आणि टायर रुंद होत गेले. हे वजन बहुतांश पुढच्या चाकांवर पडले, तेव्हा मदतीशिवाय स्टेअरिंग वळवणे अवघड झाले.

मदत कुठून येते

ही मदत मोटारीत आणण्याचे श्रेय मुख्यत्वे फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकी अभियंत्याला जाते. तो पियर्स-अ‍ॅरो या कंपनीच्या ट्रक विभागात काम करत होता आणि जड ट्रक वळवताना चालकांचे होणारे हाल त्याने पाहिले होते. 1920 च्या दशकात त्याने तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा तयार केली आणि 1926 मध्ये ती मोटार कंपन्यांना दाखवली. खर्च जास्त म्हणून ती लगेच बाजारात आली नाही. दुसऱ्या महायुद्धात लष्करी वाहनांत तिचा उपयोग झाला आणि सर्वसाधारण ग्राहकासाठीच्या मोटारीत ती 1951 मध्ये क्रायस्लर इंपीरियलमधून आली.

या यंत्रणेत इंजिनाच्या पट्ट्यावर एक पंप चालतो आणि तेलाला दाब देतो. स्टेअरिंगच्या दांड्यात एक बारीक सळई असते. चालकाने जोर लावला, की ती किंचित पिळते आणि तिच्याभोवतीचा व्हॉल्व्ह उघडतो. दाबातले तेल रॅकला जोडलेल्या दट्ट्याच्या योग्य बाजूला जाते आणि रॅकला ढकलते. हाताने फक्त दिशा दाखवायची, जोराचे काम तेल करते.

विजेवरच्या प्रकारात तेल आणि पंप नसतात. सळईचा पीळ एक सेन्सर मोजतो आणि त्यानुसार मोटर दांड्याला किंवा रॅकला हातभार लावते. 1988 मध्ये जपानमध्ये सुझुकी सर्व्हो या छोट्या गाडीत हा प्रकार प्रथम आला. तेलाचा पंप गाडी सरळ जात असतानाही इंजिनाची ताकद खातो. मोटर मात्र गरज पडेल तेव्हाच वीज घेते. त्यामुळे इंधन थोडे वाचते. वेग वाढला, की मदत कमी करून स्टेअरिंग घट्ट ठेवणेही त्यात सोपे असते.

चालवण्याची पद्धत

पहिला नियम वर आलेल्या कारणातूनच निघतो: आधी चाक हलू द्यावे, मग वळवावे. पार्किंगमधून बाहेर पडताना पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धवट सोडून गाडी सरकू द्यावी आणि ती सरकत असतानाच स्टेअरिंग फिरवावे. जागेवर स्टेअरिंग मारण्याने हात दुखतातच, शिवाय टायर एकाच ठिकाणी घासतात आणि टाय रॉड, बॉल जॉइंट यांच्यावर ताण येतो.

दोन उभ्या गाड्यांच्या मधल्या जागेत गाडी लावताना या नियमाचा खरा कस लागतो. गाडी मागे घेताना स्टेअरिंग पूर्ण वळलेले आहे आणि पुढे जाताना ते दुसऱ्या बाजूला न्यायचे आहे, असे समजू. नवखा चालक गाडी थांबवतो, गिअर बदलतो आणि मग उभ्या गाडीत सगळे वेढे फिरवतो. सरावलेला चालक थांबण्याआधीच्या शेवटच्या हातभर अंतरातच स्टेअरिंग उलट फिरवायला घेतो. गाडी थांबते तेव्हा चाके पुढच्या वाटेकडे वळायला लागलेली असतात. पुढे निघताना उरलेले वेढे सरकत्या गाडीत पुरे होतात. गाडी जितकी हळू सरकवता येईल, तितके एका हातभर अंतरात जास्त वेढे बसतात. म्हणजे हातांचे बरेचसे काम क्लचवरचा पाय वाचवतो.

बसण्याची जागाही महत्त्वाची. पाठ सीटला टेकलेली असताना कोपर थोडे दुमडलेले राहिले पाहिजेत. हात ताणलेले असतील, तर जोर फक्त मनगटातून येतो. स्टेअरिंग ढकलण्यापेक्षा खाली ओढणे बहुतेकांना सोपे जाते. उजवीकडे वळताना उजवा हात वर नेऊन स्टेअरिंग खाली ओढावे, डाव्याने ते खालून वर सरकवावे आणि तोवर उजवा पुन्हा वर न्यावा. या पद्धतीत एक हात कायम पकडीत राहतो आणि हातांची गुंतागुंत होत नाही.

घाटात दोन गोष्टींची भर पडते. उतारावर ब्रेक लावला, की गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो आणि नेमके वळणावर स्टेअरिंग जड होते. म्हणून वेग वळणाआधी, गाडी सरळ असतानाच कमी करावा, खालचा गिअर टाकावा आणि मग ब्रेक सैल करून वळण घ्यावे. आंबोली किंवा वरंधा घाटासारख्या वाटांवरच्या तीव्र वळणांना वेढे जास्त लागतात, तेव्हा फिरवायला सुरुवात थोडी लवकर करावी. मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना मात्र याउलट वागावे. तिथे स्टेअरिंग हलके असते आणि लहानशी हालचाल पुरते.

पॉवर स्टेअरिंग बंद पडले तर

पॉवर स्टेअरिंगची गाडी मदतीशिवाय चालवणे आणि मुळातच साधे स्टेअरिंग असलेली गाडी चालवणे यांत मोठा फरक आहे. पॉवर स्टेअरिंगच्या गाडीत वेढे कमी असल्यामुळे तरफेचा फायदा कमी असतो, गाडी बहुधा जड असते आणि तेलाच्या यंत्रणेत हाताला तेलही रेटावे लागते. त्यामुळे मदत गेली, की स्टेअरिंग मारुती 800 पेक्षा कितीतरी जड लागते. पण चाके आणि स्टेअरिंग यांचा दातेरी जोड तुटलेला नसतो. दोन्ही हातांनी जोर लावला, की गाडी वळते. घाबरून स्टेअरिंग सोडू नये. गाडी सरकती आहे तोवर, मोठे वळण घेत ती कडेला आणावी.

इंजिन बंद पडले असेल, तर ब्रेकची मदतही लवकरच संपते. साठलेल्या निर्वातामुळे दोन-तीन वेळा ब्रेक हलका लागतो, पुढे पाय जोरात दाबावा लागतो. म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा न दाबता एकदाच दाबून धरावा. पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून घाट उतरण्याची सवय याच कारणाने जीवघेणी ठरते. स्टेअरिंगची मदत, ब्रेकची मदत आणि इंजिनाचा रोध या तिन्ही गोष्टी उतारावर एकदमच जातात. किल्ली काढली, तर स्टेअरिंग लॉकही होऊ शकते. धावत्या गाडीची किल्ली कधीही काढू नये.

स्टेअरिंग जड झाले तर काय तपासावे

साध्या स्टेअरिंगच्या गाडीचा जडपणा अचानक वाढला, तर सर्वांत आधी पुढच्या टायरची हवा पाहावी. ती बरोबर असेल, तर बॉल जॉइंट कोरडे पडले आहेत का, रॅकवरचे रबरी आवरण फाटून आत माती-पाणी गेले आहे का आणि व्हील अलाइनमेंट बिघडले आहे का, हे गॅरेजमध्ये तपासून घ्यावे. वळणानंतर स्टेअरिंग स्वतःहून सरळ येत नसेल, तर एखादा सांधा अडकत असण्याची शक्यता असते. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर दोन्ही टायरमधल्या हवेतला फरक, अलाइनमेंट आणि अडकलेला ब्रेक या तिन्ही शक्यता पाहाव्यात. कंपनीने सांगितल्यापेक्षा रुंद टायर बसवले, तर स्टेअरिंग कायमचेच जड होऊ शकते. साध्या स्टेअरिंगच्या गाडीत हौसेने केलेला हा बदल रोज हातांना भोगावा लागतो.

थोडक्यात

- उभ्या गाडीत रबर रस्त्यावर पिळले जाते, म्हणून स्टेअरिंग जड. सरकत्या गाडीत रबर नव्याने टेकत राहते, म्हणून हलके.
- पुढच्या चाकांवरचा भार दुप्पट झाला, की उभ्या गाडीत चाक वळवण्याचा जोर सुमारे 2.8 पट होतो.
- साध्या स्टेअरिंगला जोर कमी लागावा म्हणून वेढे जास्त ठेवलेले असतात. फिरवायला लवकर सुरुवात करावी.
- रिव्हर्समध्ये स्टेअरिंग आपोआप सरळ होत नाही. ते हाताने परत आणावे.
- पॉवर स्टेअरिंग बंद पडले, तरी गाडी वळते. दोन्ही हातांनी जोर लावून ती कडेला घ्यावी आणि किल्ली काढू नये.
- पुढच्या टायरची हवा नियमित तपासावी. जड स्टेअरिंगचे सर्वांत सोपे कारण आणि सर्वांत स्वस्त उपाय तोच.